खालची कवळी

४ फेब्रुवारी

ताई,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं.

तुझी चिठ्ठी काल भावजी देऊन गेले. आत आले नाहीत, दारावरच्या पहारेकऱ्याच्या हातात दिली आणि परत फिरले. औषधाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा आणि त्यावर तुझी एक ओळ. 'त्या दिवशी तू प्यायली होतीस का? हो की नाही, एवढंच लिही.'

नाही.

झालं, लिहिलं. पण एवढं लिहून मला गप्प बसवत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार!

मला त्या दिवसाचं सगळं लख्ख आठवतं. सहा जानेवारी. सकाळी आईच्या हातून तिची खालची कवळी बेसिनमध्ये पडली. मधोमध तडकली, पुढचा एक दात उडून पाण्याबरोबर गेला. तू ती रुमालात गुंडाळून मला दिलीस. अकराला मी लॅबमध्ये होते. तडा सांधला, दात बसवला, पॉलिश केलं आणि संध्याकाळी सहाला घरी येऊन माझ्या हाताने आईला घातली. बावीस वर्षं मी कवळ्याच करते आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलीस तरी शंभरातून आईची कवळी काढून दाखवीन.

मग एकोणीस दिवस तिच्या तोंडात भलत्याच कुणाची कवळी कशी होती, हे तू मला का विचारतेस? आमच्या लॅबमध्ये आम्ही तिघं. मालक कामाला हात लावत नाहीत. राहिले भिंगवाले काका. मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण सत्तरी गाठलेल्या माणसाने कपाळाला भिंग बांधलं म्हणून गेलेली नजर परत येत नाही, एवढं कुणीही सांगेल.

पंचवीस तारखेला तू दारात उभी राहून ओरडलीस ते कानातून जात नाही. हिरडी फाटून आतलं पांढरं दिसत होतं, आणि कवळी बाहेर काढताना डॉक्टरांनीसुद्धा तोंड बाजूला केलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून आईला बोलता येत नाही. ती चमच्यासमोर तोंड फिरवायची आणि तू तिलाच रागवत होतीस. 'खरं सांगशील तेव्हाच या उंबऱ्यात पाय ठेव,' म्हणालीस.

सांगितलं की. आता येऊ दे मला. हिरड्या भरल्या की आईचं माप मीच घेईन, नवी कवळी मीच करीन. तिच्या तोंडात परक्या माणसाला हात घालू देऊ नकोस.

खार

(सही करून मग वाटलं, हे नाव लिहायचा हक्क अजून आहे का? माझे पुढचे दोन दात मोठे म्हणून तूच ठेवलेलं. राहू दे.)


११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. भावजीही आले नाहीत. माझ्या 'नाही'वर तुझा विश्वास बसला नाही, असा मी अर्थ घेते.

इथे व्यसनमुक्तीच्या वॉर्डात आम्ही सहाजणी. सहा खाटा, सहा स्टुलं, एक खिडकी. मला प्रत्येकीची किळस येते. शेजारची एका शाळेत शिकवायची. चहात बिस्किट बुडवून बोलत बसते, ते विरघळून तळाला जातं, मग तो लगदा बोटाने काढून चाटते आणि तेच बोट माझ्या खांद्यावर ठेवते. पलीकडची पायाची सालं सोलून खाटेखाली टाकते. कोपऱ्यातली रडताना नाक पुसत नाही. सगळ्यांच्या अंगाला एकच वास, ओल्या फडक्याचा. माझ्याही असेल. आपला आपल्याला येत नाही म्हणतात, मला येतो.

काल शिक्षिका सांगत होती, "अहो, मी एकदा अख्ख्या वर्गाच्या वह्या तपासल्या! सकाळी बघते तर काय, सगळे शेरे माझ्या अक्षरात, एकही चूक नाही, आणि मला त्यातलं काही आठवत नाही. 'उत्तम', 'सुधारणा हवी', 'अक्षर नीट काढ'. आता बोला!" आणि खो खो हसली. बाकीच्याही हसल्या. मला ओकारी येईल असं वाटलं. मी उठून बेसिनपाशी गेले, पण काही आलं नाही.

इथे एक फॉर्मवाली बाई येते. असेल तिशीची, मानसशास्त्राचं शिकलेली, कायम शाईने भरलेली बोटं. ती कागद देते आणि समोर बसते. एखाद्या जागी पोचलात, पण कसे पोचलात ते आठवत नाही, असं शंभरातून किती वेळा होतं? आपण लांब उभे राहून परक्या बाईकडे बघावं तसं स्वतःकडे बघतोय असं कधी वाटतं का? मी सगळीकडे शून्य लिहिलं.

"शून्य?" ती म्हणाली. "अहो, माझंसुद्धा शून्य येत नाही. मी रोज बसमध्ये बसते आणि आपला थांबा कधी गेला ते मला कळत नाही."

"मला कळतो."

"मग तुम्ही देव तरी आहात किंवा खोटं तरी बोलताय. देव इथे भरती होत नाहीत."

जीभ बघ कशी! पण खोटं कशाला सांगू, मला हसू आलं.

दुसरा कागद स्वभावाचा होता. तो तपासून ती म्हणाली, "तुम्हाला नीटनेटकं लागतं. लोकांनी चांगलं म्हणावं लागतं. चूक झाली असं म्हणायची वेळ आली की पोटात कळ येते, हे तुम्हीच लिहिलंय. आणि किळस फार." मी म्हटलं, "स्वच्छतेची सवय आहे." तर म्हणते, "ज्याची किळस येते, ते आपण नव्हे असं वाटायला लागतं. सोयीचं असतं ते." आणि कागद गोळा करून गेली.

ती गेल्यावर तुझी आठवण आली. शाळेत दात बघायला डॉक्टर आले होते, मी सात वर्षांची. माझी दाढ उपटायची होती आणि सुई टोचू द्यायला मी तयार नव्हते. तू दहा वर्षांची, वर्गातून पळत आलीस. माझा हात धरून म्हणालीस, "छताकडे बघ. तिथे पंख्याजवळ जाऊन बस. खाली चाललंय ते दुसऱ्या मुलीचं." मी गेले, ताई. खरंच गेले. वरून त्या मुलीचा वासलेला जबडा बघितला, रक्त बघितलं, मला काहीच झालं नाही. डॉक्टर म्हणाले, "फारच शहाणी मुलगी." तू माझ्यासाठी रिबिनीत दाढ बांधून ठेवलीस.

तुला दोष देत नाही. तू मला वाचवायलाच शिकवलंस. पण तिथे जायचं दार एकदा सापडलं ना, की मी येता-जाता जायला लागले. परीक्षेत गेले, लग्नात गेले, घटस्फोटाच्या कागदांवर सही करताना गेले. दारू त्यानंतर खूप वर्षांनी आली. दारूने एवढंच केलं की दार उघडायला हातसुद्धा लावावा लागेना.

हे तुला का लिहितेय कळत नाही. तू एकच शब्द मागितला होतास.

खार


१७ फेब्रुवारी

ताई,

काल भिंगवाले काका आले होते. दोन जिने चढून धापा टाकत स्टुलावर बसले. कपाळावरचं भिंग काढायचंच विसरले होते.

"काय गं, सुकलीस."

"इथलं जेवण."

"बरं दिसतंय. तोंड धुतल्यासारखं दिसतंय तुझं."

मग त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची डबी काढली. "कप्पा आवरत होतो. हे सापडलं."

हे तुला नीट सांगायला हवं. आमच्याकडे टेबलाखाली एक कप्पा आहे, त्याला आम्ही बेवारस कप्पा म्हणतो. दुरुस्तीला आलेल्या आणि कुणी न्यायला न आलेल्या कवळ्या त्यात पडून असतात. बहुतेकांची माणसं तेवढ्यात गेलेली असतात. मेलेल्या माणसाची कवळी घ्यायला कोण येणार!

डबीत आईची खालची कवळी होती. आतल्या बाजूला मी बारा वर्षांपूर्वी गाडलेला निळा ठिपका तसाच. नखाने चाचपूनही तडा लागत नव्हता. पुढचा दात असा बसलेला, की मलासुद्धा क्षणभर कळेना कुठला मूळचा नाही. इतकं सुंदर काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

"तीनच्या सुमाराला मी तुला चहा विचारला," काका म्हणाले. "'नको काका, हात गुंतलेत' म्हणालीस. गुणगुणत होतीस. म्हटलं, आज स्वारी खूश आहे."

मला यातलं अक्षरही आठवत नाही.

"वास नाही आला तुम्हाला?" मी विचारलं. कवळीची गुलाबी पावडर ज्या द्रवात कालवतात त्याचा वास इतका उग्र असतो की माझा वास त्यात लपतो, अशी माझी खात्री होती.

"चार वर्षं येतोय गं," ते म्हणाले, आणि आता आठवण होऊन भिंग काढून खिशात ठेवलं.

आणि मी तुला लिहून बसले होते की यांना दिसत नाही.

हो. प्यायले होते.

मला जे आठवतं आणि जे मी जुळवलंय, दोन्ही सांगते. आईच्या दातांचा तो पिवळसर रंग आता मिळत नाही. नवा दात बसवला असता तर पांढराफटक दिसला असता. म्हणून मी बेवारस कप्प्यातून एक जुनी कवळी काढली. कुणा बाईची होती, तीन वर्षं पडून. तिचा पुढचा दात काढून आईच्या कवळीत बसवायचा ठरवला. हे मी साडेअकराला ठरवलं, तेव्हा एक घोटसुद्धा घेतला नव्हता. मेलेल्या बाईचा दात आईला घालतेय याची मला जरासुद्धा किळस वाटली नाही. रंग जुळला म्हणून आनंद झाला. मला, जिला शेजारणीच्या बिस्किटाने उमासे येतात.

मग मी पाण्याची स्टीलची बाटली उघडली. तिच्यात पाणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी 'सोडली' म्हणून तुझा हात हातात घेऊन सांगितलं होतं ना, तेव्हाही बॅगेत तीच बाटली होती.

साडेबारापर्यंतचं आठवतं. पुढे फक्त तुकडे, तेही वरून बघितलेले. ट्यूबलाइटच्या उंचीवरून एका बाईचा भांग दिसतो, पॉलिशचं चाक फिरतंय, बोटं चटचट चालली आहेत. मला ती बाई आवडत नाही, पण तिचा हात चांगला आहे असं वाटल्याचं आठवतं.

त्या हातांनी आईची कवळी पुरी केली असणार. मग समोर दुसरी दिसली असणार, एका दाताची जागा रिकामी. बावीस वर्षं रिकामी जागा दिसली की भरायची हेच काम. भरली. आपल्याकडचा साधा नवा दात घेऊन भरली. दोन्ही कवळ्या चकाचक झाल्या. एक डबीत गेली, एक कप्प्यात. डबीत गेली ती भलतीच. आणि मी ती आईच्या तोंडात बसवली, त्याचंही मला आठवत नाही. पहिल्या पत्रात 'लख्ख' लिहिलं होतं. लख्ख काय, मला तुमच्या घराचा जिनासुद्धा आठवत नाही.

'ते मी नव्हते, ती होती' असं लिहायचा मोह होतोय. फॉर्मवालीला सांगून बघितलं. ती म्हणाली, "तिचा पत्ता काय? जेवते कुठे? आजारी पडली तर कुणाला कळवायचं?" मी चादरीची सुरकुती सरळ केली. "मग तुम्हीच त्या," म्हणाली.

बाकी काही मागत नाही. तू हो की नाही विचारलं होतंस. हो.


२५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. चांगलं सव्वा पान, खऱ्या कागदावर. उशीखाली ठेवलंय. पाठ झालं आहे. 'डॉक्टरांशी बोलले. ते म्हणतात, हा आजार आहे, त्या वेळी माणसाचं माणसावर चालत नाही. तू खरं लिहिलंस, मला तेवढंच हवं होतं. सुटी मिळाली की सरळ घरी ये. आईची खोली मोठी आहे, तुझी खाट तिथे लावते. तिच्या हिरड्या भरत आल्यात.' आणि खाली, 'खार, किती वाळली असशील गं.'

तीन दिवस मी ह्या पत्राबरोबर सुखाने राहिले. शिक्षिकेला वाचून दाखवलं. तिने माझ्या गालावर हात फिरवला आणि मला किळस आली नाही.

आज आली. तिची नाही.

ताई, तू सहा तारखेचं विचारलंस. चौदा तारखेचं तू विचारणार नाहीस, कारण तुला त्यात काही विचारण्यासारखं वाटत नाही. मी बोलले नाही तर ते कधीच कुणाला कळणार नाही. आई बोलत नाही.

चौदा जानेवारीला तू मला फोन करून बोलावलं होतंस. आई जेवत नव्हती, नववा दिवस. मी आले तेव्हा माझे हात कापत होते. तू म्हणालीस, "ताप आहे का तुला?" मी हो म्हटलं. ताप नव्हता. दोन दिवस मी थेंबही घेतला नव्हता, दर चार-सहा महिन्यांनी करते तसा प्रयत्न चालला होता, म्हणून कापत होते. डोकं स्वच्छ होतं. त्या दिवसाइतकं स्वच्छ मला गेल्या वर्षभरात काही दिसलं नसेल.

मी आईचा ओठ खाली ओढला आणि मला दिसलं. एका क्षणात दिसलं. कडेचा उतार तिचा नव्हता, दाढांची झीज तिची नव्हती, पुढचा एक दात पांढराफटक होता. ठिपका बघायचीसुद्धा गरज नव्हती. अंगठा आत घातला तर कवळीखाली हिरडी लिबलिबीत लागली आणि वास आला. तो वास मला कामामुळे माहीत आहे. त्याचा अर्थही माहीत आहे.

मी अंगठा बाहेर काढायच्या आत आई चावली. लक्षात आहे तुला? ती सोडेचना. परक्या बाईच्या दातांनी तिने माझा अंगठा धरून ठेवला आणि डोळे माझ्यावर रोखले. तू हसलीस. "बघ, ओळखलं तुला!" म्हणालीस. मीही हसले. "चावायची ताकद आली की गं," म्हटलं.

मग तू विचारलंस, "काढून ठेवू का दोन दिवस?"

तेव्हा मला कळत होतं, ताई, की हो म्हणायचंय. एवढंच. काढ. पण काढली असती तर तू डॉक्टरांकडे नेली असतीस. ही हिची नव्हे, असं ते म्हणाले असते. मग सहा तारीख, मग बाटली. हे सगळं मी बेसिनमध्ये अंगठा धुता धुता मोजलं. आणि छताकडे बघितलं. जाता येतंय का ते बघितलं. गेले नाही, ताई. दार उघडं होतं आणि मी गेले नाही. तिथेच उभी होते, माझ्याच अंगात, आणि म्हणाले, "लाड करू नकोस तिचे. दुरुस्त केलेली कवळी टोचतेच. सवय होईल."

त्यानंतर आणखी दहा दिवस तू तिला भरवलंस. मला माहीत होतं. रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच आठवायचं. पंधरा तारखेपासून परत प्यायले, त्याचं कारण तेच, पण ती सबब नाही. माझा क्रम उलटा आहे, एवढंच तुला सांगायचंय.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर असं: सहा तारखेला हो. चौदा तारखेला नाही.

डॉक्टर आजार म्हणतात तो सहा तारखेचा. चौदा तारखेवर त्यांच्याकडे औषध असेल असं वाटत नाही. फॉर्मवालीला आज सगळं सांगितलं. तिने माझा तो शून्यांचा कागद काढून समोर ठेवला. मग म्हणाली, "शून्य चौदा तारखेपुढे. आता बरोबर लिहिलंत."

खाट लावली असशील तर काढून ठेव. उंबऱ्याचं मी मागणार नाही, तू ठरव. अंगठ्यावरची खूण अजून आहे, दिसली की बरं वाटतं.

काका ह्या आठवड्यात आईची कवळी घेऊन तुझ्याकडे येतील. मी त्यांच्याबद्दल जे लिहिलं होतं ते फाडून टाक. त्यांना माझ्याहून बरंच दिसतं. पुढचा एक दात त्या बाईचा आहे, तो काढून पांढराफटक का होईना, नवा बसवा म्हणून मी त्यांना सांगितलंय. आईला विचार. ती मान हलवेल तसं करा.

कवळी साध्या गार पाण्यात ठेव. गरम पाण्याने वाकडी होते. घालायच्या आधी रोज हिरडीवरून बोट फिरवून बघ, जखम असेल तर घालूच नकोस. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे. तिने तोंड फिरवलं तर लगेच काढ. आणि सवय होईल असं कुणीही म्हणालं तरी ऐकू नकोस.